सातबाऱ्यावर नाव आहे पण रानात नुसतं गवत, ही शेतजमीन धरतात का चराऊ?

माणदेशी_गट

नमस्कार मंडळी. गाव माण तालुक्यातलं, जिल्हा सातारा. यंदा घरात वाटण्या झाल्या आणि माझ्या वाट्याला माळाच्या अंगाचा गट आला, एकूण २ हेक्टर ८० आर. सातबारा काढला तर जिरायत १ हेक्टर ६० आर आणि पोटखराब वर्ग अ १ हेक्टर २० आर असं दाखवतंय. आजोबांपासून तिथं धड कधी पेरलेलं नाही, खालच्या अंगाला एखाद्या वर्षी हुलगा-मटकी टाकायचे तेवढंच, बाकी सगळं गवत. आमची जनावरं चरतात, दिवाळीच्या आधी गवत कापून गंजी लावतो, आणि मेंढरंवाले येऊन चारून जातात. पीकपाहणीत मागची कितीतरी वर्षं कायम पड लागलेली आहे.

आता प्रश्न असे की चुलतभाऊ म्हणतो जमीन पडीक ठेवली तर सरकार काढून घेतं, तसा कायदाच आहे. दुसरीकडे जमिनीची कामं बघणारा एक एजंट म्हणतो की तुमची जमीन चराऊ आहे, शेतजमीन नाहीच, आधी ती शेतीत कन्व्हर्ट करून घ्या, मी करून देतो, आणि त्याचे पैसे सांगतोय. तिसरी गोष्ट म्हणजे आमच्या वरच्या बांधाला लागून गावाचं गायरान आहे आणि त्यात चार-पाच जणांनी नांगरट करून बाजरी घेतलीय, त्यातलाच एकजण मला म्हणतो दोन एकर घे, शंभरच्या स्टॅम्पवर लिहून देतो, तुझ्या गटाला लागूनच आहे. भाव एवढा कमी सांगतोय की मोह होतोय खरं सांगायचं तर.

गवत माझ्या रानात पण तेच आणि गायरानात पण तेच, मग एक शेतजमीन आणि एक चराऊ असं ठरवतं कोण आणि कशावरून? ज्यांना माहितीय त्यांनी जरा फोड करून सांगा, वकिलाकडं जायच्या आधी आपल्याला कळलेलं बरं.

निवृत्त_सर्कल

माणदेशी भाऊ, आधी स्टॅम्पवाल्याला नाही म्हणून सांगा, मग बाकीचं वाचा. ती जमीन त्याची नाही, तो विकू शकत नाही, तुमच्या नावावर कधी चढणार नाही आणि उद्या नोटीस आली तर ती ताब्यात कोण आहे त्याला येते, म्हणजे तुम्हाला. मंडळ अधिकारी म्हणून काम करताना असल्या स्टॅम्पांची भेंडोळी घेऊन आलेली माणसं बघितलीत, त्यांचं कुणाचंच त्यानं काही झालं नाही, पैसे मात्र गेलेले असतात.

आता तुमचा मुख्य प्रश्न. गवत आहे का ज्वारी आहे यावरून जमिनीचा प्रकार ठरत नाही. आधी बघायचं जमीन कुणाच्या नावावर आहे आणि कशासाठी राखलीय. तुमच्या सातबाऱ्यावर भोगवटादार म्हणून तुमचं नाव आहे, बिनशेती झालेली नाही, म्हणजे ती शेतजमीनच. त्यात तुम्ही गवत ठेवा नाहीतर बाजरी करा. आमचा १९४८ चा कुळकायदा आहे ना, त्यात शेती शब्दाची व्याख्या दिलीय आणि तिच्यात पिकं काढणं, बागायत याच्या बरोबरीनं गवत काढणं धरलंय, शेतकऱ्यानं स्वतःकडची जमीन चराईला वापरणं धरलंय, कोकणात भाताच्या राबासाठी (रोपांच्या वाफ्यावर पालापाचोळा जाळतात तो) जमीन वापरतात तेसुद्धा धरलंय. त्यामुळं एजंट जे कन्व्हर्ट म्हणतोय तसलं काही प्रकरणच नसतं, शेतजमीन शेतीत कशी कन्व्हर्ट करणार. एक पैसा देऊ नका.

एवढं मात्र आहे की त्याच कायद्यात जोडधंदे वेगळे काढलेत, दूध धंदा, कुक्कुटपालन, जनावरांची पैदास, आणि आपल्या शेतीच्या जनावरांखेरीज दुसऱ्यांची जनावरं चारायचा धंदा. तुमच्या रानात तुमची जनावरं चरतात आणि वर्षातून मेंढरं येऊन जातात यानं काही फरक पडत नाही, पण कुणी मोठ्या प्रमाणात चराई विकायचाच व्यवसाय करत असेल तर त्यानं व्याख्या नीट वाचावी.

चुलतभावाचं पूर्ण खोटं नाही. कुळकायद्यात कलम ६५ आहे, सलग दोन वर्षं जमीन लागवडीविना राहिली आणि तो धारकाचा हलगर्जीपणा असेल तर चौकशी करून सरकार तिचं व्यवस्थापन हातात घेऊ शकतं. व्यवस्थापन, मालकी नाही. धान्याच्या टंचाईच्या दिवसातलं कलम आहे ते आणि गवत राखून कापणाऱ्या माणसावर ते लावलेलं मी तरी माझ्या नोकरीत पाहिलं नाही. तरी पीकपाहणीत कायम पड लावून सोडून देऊ नका. ई-पीक पाहणी आता आपल्या मोबाईलवरून होते, जिथं गवत राखून कापता तिथं चाऱ्याचं गवत अशी नोंद करा, फोटो टाका. पुढं नुकसानभरपाई असो, वाद असो, गाव नमुना १२ वरची ती ओळ कामाला येते.

आता पोटखराब. याच्यात लोकांचा फार गोंधळ असतो. वर्ग अ म्हणजे मूळ मोजणी-प्रतबंदीच्या वेळी जी शेतीला नालायक धरली ती, खडक, मुरूम, घळ, शिवाय शेतघर आणि खळं यांच्याखालची. वर्ग ब म्हणजे रस्ता, पायवाट, नाला, तळं, स्मशान असल्या सार्वजनिक कामाला राखलेली, तिला हात लावायचा नाही. तुमची वर्ग अ आहे. ती तुम्ही केव्हाही वहितीखाली आणू शकता, परवानगी लागत नाही. पूर्वी अडचण अशी होती की लागवड केली तरी आकार (म्हणजे शेतसारा) बसायचा नाही, त्यामुळं कागदावर पोटखराबच राहायची आणि सोसायटी कर्ज देताना ते क्षेत्र धरायची नाही. २०१८ मधे नियम बदलला, आता वर्ग अ खरोखर लागवडीखाली आणली असेल तर तलाठ्याकडं अर्ज करायचा (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, लोक तलाठीच म्हणतात), ते येऊन पाहणी-पंचनामा करतात, वर प्रस्ताव जातो आणि आदेश झाला की लागवडीयोग्य क्षेत्रात धरून आकारणी लागते. हे काम रेंगाळतं हे खरंय पण होतं.

आता गायरान. महसूल अधिनियम १९६६ चं कलम २२ बघा, गावच्या जनावरांना मोफत चराईसाठी सरकारी जमीन राखून ठेवायचा अधिकार त्यात आहे आणि एकदा राखली की दुसऱ्या कामाला वापरायची नाही. कलम २३ म्हणतं चराईचा हक्क फक्त ज्या गावाला ती नेमून दिलीय त्या गावच्या जनावरांना. म्हणजे ती सगळ्या गावाची चराई आहे, एकट्याची कुणाची नाही. सातबाऱ्यावर भोगवटादाराच्या जागी सरकार आणि इतर हक्कात गुरचरण किंवा गायरान असं येतं, ग्रामपंचायतीकडं देखरेख असते पण मालक शासन. गाव नमुना १-ब मधे अशा सरकारी जमिनींची यादी असते, तुमच्या वरच्या बांधाचा नंबर त्यात आहे का बघून घ्या. तिथं चाळीस वर्षं बाजरी पिकवली तरी ती गायरानच राहते, बाजरी पिकली म्हणून शेतजमीन होत नाही. आणि तुमच्याकडं चाळीस वर्षं गवत उगवलं म्हणून ती गायरान होत नाही.

मांजराकाठ

सर्कल काकांचं बरोबर आहे पण गायरानात पेरणाऱ्यांना एका फटक्यात चोर ठरवू नका एवढी विनंती. मी बीड जिल्ह्यातला आहे. आमच्याकडं गायरान धारक म्हटलं की निम्म्याहून जास्त वेळा तो गावात गुंठाभर जमीन नसलेला दलित किंवा भटका माणूस असतो, ज्यानं दगडं वेचून माळ वहितीला आणला. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि परत १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले, पडीक सरकारी जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर करा ही मागणी होती आणि त्यात माणसं हजारोंनी जेलमधे गेली. मराठवाड्यात एकनाथ आवाडांनी पुढं तेच काम केलं. हे सगळं काय फुकट जमिनी लाटायला नव्हतं, पोटाला दुसरं काही नव्हतं म्हणून होतं.

आणि शासनानं हे मान्य पण केलेलं आहे. २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय बघा, मागासवर्गीय भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली अतिक्रमणं नियमित करायची असं त्यात ठरलं. त्याच्या आधीच्यांसाठी १९७८ चा वेगळा निर्णय होता. म्हणून आमच्याकडं म्हातारी माणसं दंडाच्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवतात, कारण दंड झाला म्हणजे त्या साली ताबा होता याचा तो पुरावा. गाव नमुना १-इ म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, तिला आम्ही नुसतं एक ई म्हणतो, एक ईला नाव आहे का हा आमच्याकडं सगळ्यात मोठा प्रश्न. कितीतरी जणांची नावं त्या वेळी लावलीच नाहीत, कुणी गावकीच्या दबावानं, कुणी हलगर्जीपणानं, आणि आज नातवंडं हेलपाटे मारताहेत. ज्यांना मिळाली त्यांना पण वर्ग दोन म्हणून मिळाली, कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही.

माणदेशी भाऊ, तुम्हाला जो दोन एकर देतोय त्याला विचारा एक ईला नाव आहे का, १९९० च्या आधीचं काही आहे का. नसेल तर ते सरळ सरळ नवं अतिक्रमण आहे आणि असेल तर त्याचा तो हक्क विकत घ्यायला तुम्ही पात्रच नाही, तुमच्याकडं सात एकर आहे. दोन्हीकडून तुमचं कामच नाही त्यात.

निवृत्त_सर्कल

मांजराकाठ, तुमचं म्हणणं मान्य आहे आणि मी चोर हा शब्द वापरलेला नाही. कसणारा भूमिहीन वेगळा आणि शेजारचा बागायतदार बांध सरकवत सरकवत गायरानात घुसतो तो वेगळा. दुसरा प्रकार आमच्याकडं जास्त.

२८ जानेवारी २०११ ला सुप्रीम कोर्टाचा जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य हा निकाल आला, प्रकरण पतियाळा जिल्ह्यातल्या एका गावतळ्याचं होतं पण आदेश सगळ्या राज्यांना होता, गावाच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढायची योजना करा म्हणून. त्याच निकालात अपवाद पण सांगितलाय, सरकारच्या अधिसूचनेनं भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना पट्टे दिले असतील, किंवा शाळा-दवाखाना उभा असेल तर नियमित करता येईल. लोक निकालाचा पहिला भागच वाचतात. त्यावरून आपल्याकडं १२ जुलै २०११ चा शासन निर्णय निघाला आणि गायरानं वाटायची वाट जवळपास बंद झाली. त्यानंतर कायद्यातच २२-अ हे कलम घातलं, गायरान दुसऱ्या कामाला द्यायचं नाही, दिलंच तर केंद्र-राज्य शासनाच्या सार्वजनिक कामाला आणि ते सुद्धा दुसरी सोयीची सरकारी जमीन नसेल तर, खाजगी प्रकल्पाला टाळताच येत नसेल तर त्यानं दुप्पट क्षेत्र बदल्यात द्यायचं.

२०२२ ला मुंबई हायकोर्टात हा विषय निघाला तेव्हा शासनानं दिलेले आकडे असे होते की राज्यात ४.५२ लाख हेक्टर गायरान आणि त्यातल्या १०,०८९ हेक्टरवर २,२२,१५३ अतिक्रमणं. भागाकार करून बघा, एका अतिक्रमणाला साडेचार गुंठे पण येत नाहीत. म्हणजे यात घरं किती आहेत ते लक्षात येतं. त्या वर्षाअखेर काढा म्हटल्यावर गावोगाव नोटिसा लागल्या होत्या आणि काय गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल.

खांडवा_वाट

मी धनगराच्या घरातली आहे, आता नोकरीनिमित्त फलटणला असते, पण सासर-माहेर दोन्हीकडं अजून मेंढरं आहेत. सगळे कायदा सांगताहेत, मला गवताचं सांगायचंय.

दादा, तुमच्या रानात जे गवत आहे ते उगवतं कुठलं ते बघितलंय का? मारवेल, पवना, डोंगरी असेल तर तुमच्याकडं सोन्यासारखं रान आहे, नुसती कुसळी राहिली असेल तर रान चरून चरून थकलंय असं समजायचं. कुसळीचं कुसळ लोकरीत घुसतं, कातडीत जातं, मेंढरं हैराण होतात, फुलोऱ्याच्या आधीच चारली तरच ती कामाची. पोटखराब म्हणून कागदावर लिहिलेल्या माळावर आमची पिढ्यान्‌पिढ्या पोटं भरलीत. तीन-चार इंच मातीखाली मुरूम असतो, तिथं गवताच्या मुळ्यांनी ती माती धरून ठेवलेली असते, जेसीबी लावून माळ फोडला की पहिल्या दोन वर्षांत बाजरी येते चांगली आणि मग वळवाच्या एका पावसात बारीक माती खाली ओढ्यात. त्यानंतर ना बाजरी ना गवत. आमच्या भागात अशी रानं मी दाखवू शकते.

आणि गायरान नांगरलं तर गावच्या जनावरांनी जायचं कुठं हे कुणी विचारत नाही. ज्याच्याकडं जमीन नाही पण दोन शेळ्या आहेत त्या बाईचं सगळं गणित गायरानावर असतं. भूमिहीनाला जमीन मिळावी हे मला मान्य आहे मांजराकाठ भाऊ, पण शेळीवाली पण भूमिहीनच आहे ना, तिचं नाव कुठल्या एक ईला लागत नाही.

आमचे वाडे, म्हणजे मेंढरं-बिऱ्हाडासह फिरणारे कळप, दिवाळीनंतर कोकणात उतरतात आणि पावसाच्या आधी वर येतात. वाटेत शेतकरी मेंढरं बसवून घेतात, रात्रभर रानात मेंढरं बसली की लेंडीखत मिळतं, बदल्यात धान्य किंवा पैसे देतात. त्या वाटेवरची गायरानं एकेक करून बंद होत चाललीत, कुठं प्लॉट पडलेत, कुठं तारेचं कंपाउंड. आता सौर कृषी वाहिनीसाठी पण गावांकडं गायरानं मागताहेत. शेतीला दिवसा लाईट मिळणार ही चांगलीच गोष्ट आहे, पण ग्रामसभेत ठराव होताना चराईला किती राहील हे आधी मोजा आणि मग हात वर करा. सर्कल काकांनी २२-अ सांगितलं त्यात दुसरी सरकारी जमीन नसेल तरच असं आहे ना, मग दुसरी आहे का हे ग्रामसभेत विचारायला पाहिजे. आम्हाला त्या ग्रामसभेत मत पण नसतं कारण आम्ही त्या गावचे नसतो.

जंगलात मात्र २००६ च्या वनहक्क कायद्यानं चराईचा हक्क मानलाय, फिरत्या पशुपालकांचा सुद्धा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. महसुली माळावर तसं काही नाही.

कृषी_बीएस्सी

थोडी आकडेवारीची बाजू सांगतो कारण प्रश्नाचं शीर्षकच ते आहे. शेतजमीन या नावाखाली काय मोजायचं हे मोजणाऱ्यावर बदलतं आणि म्हणून पेपरातल्या बातम्या वाचून डोकं फिरतं.

आपल्या देशात जमीन वापराचं नऊ प्रकारचं वर्गीकरण चालतं. जंगल, बिगरशेती वापर, नापीक, कायम कुरणं आणि चराऊ जमीन, झाडांखालची किरकोळ जमीन, लागवडीलायक पण पडीक, जुनी पड, चालू पड आणि निव्वळ पेरलेलं क्षेत्र. यात कायम कुरणं 'पड सोडून इतर लागवड न केलेली जमीन' या गटात जातात, लागवडीयोग्य क्षेत्राच्या बेरजेत ती येत नाहीत. म्हणजे आपल्या कृषी सांख्यिकीच्या हिशोबानं गायरान शेतजमीन नाही. पण संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना शेतजमीन म्हणते तेव्हा तिच्यात पेरणीची जमीन, फळबागांसारखी कायम पिकं आणि कायम कुरणं असे तिन्ही धरते. पाच वर्षं किंवा जास्त काळ गवताखाली, मग ते पेरलेलं असो नाहीतर आपोआप आलेलं, की ते कायम कुरण. जगातली शेतजमीन ४.८ अब्ज हेक्टरच्या आसपास सांगतात ना, त्यातली दोन तृतीयांश ही असली कुरणं आहेत. भारतात कायम कुरणं साधारण १ कोटी हेक्टर, देशाच्या क्षेत्राच्या ३ टक्क्यांच्या आसपास, आणि जनावरांची संख्या बघितली तर हे किती तोकडं आहे ते कळेल.

माणदेशी भाऊंची जमीन यात कुठं बसेल? खाजगी असल्यामुळं ती बहुतेक लागवडीलायक पडीक किंवा जुनी पड यात जात असणार, कारण पीकपाहणीत कायम पड लागलीय. गवत कापून गंजी लागते तरी कागदावर ती रिकामी. मला यात खरी चूक दिसते ती ही. ज्या जमिनीतून वर्षाला वैरण निघते तिला आपण पड म्हणतो, मग पुढच्या टेबलावर बसलेला माणूस म्हणतो पडच आहे तर प्रकल्पाला घ्या. उपग्रहाच्या नकाशांवरून पडीक जमिनींचे जे ॲटलास निघालेत त्यात पण निकृष्ट कुरणं आणि झुडपी माळ पडीकमधेच मोडतात. माळढोक आणि लांडगे याच माळावर जगतात, सोलापूरच्या नान्नजचं अभयारण्य असल्या माळाचंच आहे.

आयकराचं पण एक सांगून ठेवतो. शेती उत्पन्न करमुक्त असतं पण १९५७ च्या राजा बिनयकुमार सहस रॉय निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की जमिनीवर नांगरट, पेरणी, लावणी अशी मूळ कामं केलेली पाहिजेत. ते प्रकरण आपोआप उगवलेल्या जंगलाचं होतं. आपोआप आलेलं गवत विकून मोठी रक्कम येत असेल तर सीएला विचारा, नेपियर किंवा लसूणघास लावून विकत असाल तर प्रश्नच नाही. म्हणजे कुळकायद्यात जी शेती ती आयकरात शेती असेलच असं नाही.

डहाणूचा_दर्या

आमच्या पालघरकडं गवताच्या जमिनीचा इतिहासच वेगळा आहे म्हणून लिहितोय. डहाणू, तलासरी, उंबरगाव या पट्ट्यात सावकार-जमीनदार मुद्दाम गवत ठेवायचे, मुंबईच्या तबेल्यांना रेल्वेनं गवत जायचं, मजूर कमी लागायचा आणि कूळ लागायची भीती नसायची. १९४५ ला वारली लोकांनी गोदूताई परुळेकरांच्या नेतृत्वाखाली गवतकापणीचा संप केला तो ५०० पौंड गवताला अडीच रुपये मजुरी पाहिजे म्हणून. पलीकडं, आता गुजरातेत असलेल्या पारडीला १९५३ ला सत्याग्रह झाला तो गवताच्या जमिनीत धान्य पिकवू द्या म्हणून. तेव्हा ती मागणी शंभर टक्के बरोबर होती, पोटात धान्य नसलेल्या माणसाला गवताचं कौतुक कोण सांगणार.

यामुळंच असेल, १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यात जमीन म्हणजे काय ते सांगताना ज्या जमिनीवर नैसर्गिक गवत उगवतं तीसुद्धा धरलीय. माझी जमीन गवताची आहे, शेतीची नाही, म्हणून सीलिंगमधून सुटू द्या असं कुणाला म्हणता येऊ नये. जिरायतीला ५४ एकर मर्यादा आहे त्यात गवताचे एकर मोजले जातात. तर माणदेशी भाऊंच्या प्रश्नाला हे पण एक उत्तर, सरकारला घ्यायचं असतं तेव्हा गवत ही शेतीच असते.

आणि आमच्याकडं सातबाऱ्यावर वरकस असा प्रकार येतो, डोंगरउताराची जमीन, नाचणी-वरी एखादं वर्ष, बाकी गवत आणि राबाला पालापाचोळा. ती पण शेतजमीनच.

कॉर्कहून_कुलकर्णी

मी आयर्लंडमधे डेअरी कंपनीत आहे. इथं बहुतेक शेतजमीन गवताखालीच आहे आणि शेतकरी स्वतःला गवताचा शेतकरी म्हणवतो. दर आठवड्याला रानात फिरून गवताची उंची मोजतो, रान तुकड्या-तुकड्यात वाटून गाई फिरवतो. युरोपियन युनियनच्या नियमात पाच वर्षं किंवा जास्त काळ फेरपालटात न आलेलं गवत म्हणजे कायम कुरण आणि ते मोडून नांगरण्यावर बंधनं आहेत, अनुदान त्याच्याशी बांधलेलं आहे. माणमधे असा पाऊस नाही हे कळतं मला, पण तुकडे पाडून आळीपाळीनं चारणं तिथं पण होऊ शकतं.

माणदेशी_गट

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढी सविस्तर उत्तरं येतील वाटलं नव्हतं. स्टॅम्पवाल्याला कालच नाही म्हणून सांगितलं, एजंटचा फोन उचलत नाही. खांडवा ताई, गवत मारवेल आहे बऱ्यापैकी, खालच्या अंगाला कुसळी. जेसीबीचा विचार होता वरच्या पोटखराबासाठी, तो सध्या थांबवलाय. खालचा जिरायत भाग तेवढा वहितीला आणीन म्हणतो आणि वरचं गवतच ठेवीन.

सर्कल काका, दोन गोष्टी अजून. एक, वरचा भाग गवतच ठेवायचा तर पोटखराब अ कमी करून लागवडीयोग्यमधे घ्यायचा अर्ज करू का नको? दोन, गायरानाच्या बाजूची हद्दच धड दिसत नाही, जुने दगड गेलेत, नांगरणाऱ्यांनी आमच्यात पण थोडं घेतलंय असा संशय आहे.

खांडवा_वाट

जेसीबी थांबवला हे वाचून बरं वाटलं दादा. कुसळीच्या पट्ट्यात पहिल्या पावसानंतर मारवेलचे ठोंब लावा, तुमच्याच वरच्या रानातून मिळतील, विकत आणायची गरज नाही. आणि लावल्यावर तिथं पहिलं वर्ष जनावर घालू नका, कापूनच न्या. मेंढरंवाले येतील त्यांना तसं आधी सांगा, सांगितलं की ऐकतात, अचानक काठी घेऊन धावून गेलात तरच भांडण होतं.

निवृत्त_सर्कल

पहिल्याचं उत्तर असं की घाई नको. अर्ज करायचा तर प्रत्यक्ष लागवडीखाली आणलेलं दिसायला लागतं, पंचनाम्याला आलेला माणूस मुरमावरचं आपोआप आलेलं गवत बघून परत जाईल. ज्या तुकड्यात चारापीक लावाल, ठोंब ओळीत लावाल, बांध घालाल, तेवढ्याचा अर्ज दोन वर्षांच्या पीकपाहणीच्या नोंदी जोडून करा. नोंदी नसतील तर काही उपयोग नाही म्हणून या हंगामापासून नोंदी सुरू करा. आणि खडकाचा जो भाग आहे तो पोटखराबच राहू दे, त्याची आकारणी लावून घेऊन तुम्हाला काय मिळणार.

दुसरं, मोजणीचा अर्ज तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात करा, हद्द कायम मोजणी असं सांगायचं, सातबारा आणि वाटणीचा फेरफार जोडा. गायरान लगतचा कब्जेदार म्हणून ग्रामपंचायतीला नोटीस निघाली पाहिजे ते अर्ज देतानाच बघून घ्या, नाहीतर मोजणी झाल्यावर सरपंच म्हणतो आम्हाला माहितीच नव्हतं आणि सगळं परत पहिल्यापासून. नांगरणाऱ्यांना पण बोलवा. दगड बसवले की त्याच दिवशी पंचनाम्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या आणि क प्रत (मोजणीचा नकाशा) हातात पडेपर्यंत तारेचं कुंपण घालू नका.